शैक्षणिक कर्जावर सही करण्यापूर्वी

रावेरहून पुण्याला अभियांत्रिकीसाठी निघण्यापूर्वी तुम्ही शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरणार आहात, तेव्हा एक हिशेब आधी कागदावर मांडावा. दरवर्षाच्या आरंभी १ लाख याप्रमाणे ४ लाख रुपये १० टक्के सरळव्याजाने उचलले, तर चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यापुढील वर्षभराची हप्ता न भरण्याची सवलत संपेपर्यंत नुसते व्याजच १ लाख ४० हजार होते आणि ते मुद्दलात मिळवून मग हप्ता ठरतो. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असा माझा समज होता. कर्जखात्याचा पहिला उतारा हाती आला तेव्हा तो समज फिटला. म्हणून घरात केळीचे किंवा कापसाचे पैसे आले की निदान व्याज तरी भरत जावे. मंजूर झालेली सगळी रक्कम उचललीच पाहिजे असे बंधन नसते, त्यामुळे महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीतून जेवढे शुल्क सुटेल तेवढे कर्ज कमी घ्यावे. मात्र शिष्यवृत्तीच्या अर्जाचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्यास तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून केंद्राच्या व्याज अनुदानाविषयी बँकेत स्वतःहून विचारावे, कारण तेथे आपणहून कोणी सांगेलच असे नाही.