दुसऱ्यांदा आंघोळ का केली?

मावशी,
माझी आई ५९ वर्षांची आहे. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, बीपीचीही गोळी चालू आहे. डॉक्टर दर वेळी बजावतात, रोज चाला. ती ऐकत नाही. डिसेंबरात मी पुण्याला तिच्या सोसायटीतल्या बायकांच्या वॉकिंग ग्रुपमध्ये तिचं नाव घातलं. सकाळी सहाची वेळ. तीन महिन्यांचे पैसे मीच भरले, चांगले बूट घेतले, पावलं मोजणारं घड्याळ घेतलं. पहिल्याच दिवशी बाई अर्ध्यातून परत आली, आंघोळ करून गेली होती तरी पुन्हा आंघोळीला गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘गुडघे दुखतात’ म्हणून जी बसली ती बसलीच. तेच गुडघे घेऊन मंडईत तासभर हिंडते! बाबा ६५ व्या वर्षी रोज टेकडी चढतात. मी रोज फोन करते, रागावते, घरच्या ग्रुपवर तिची पावलं विचारते. स्वतःच्या तब्येतीचं तिला काहीच कसं वाटत नाही? अशा आळशी माणसाला वळण कसं लावायचं?
— वैतागलेली लेक, ठाणे

लेकी,

बूट, घड्याळ, पैसे, टेकडी, मंडई, सगळ्याचा हिशेब मांडलास. आणि जे थांबून बघायला हवं होतं ते एका ‘तरी’त उरकलंस. आंघोळ करून गेलेली बाई अर्ध्यातून घरी येते आणि पुन्हा आंघोळीला जाते. पुण्यात, डिसेंबरात, सकाळी सहाच्या सुमाराला. घामाने निथळली म्हणावं तर त्या वेळी लोक स्वेटर आणि कानटोपी घालून फिरत असतात.

मी पैज लावायला तयार आहे. त्या सकाळी उड्या मारताना तुझ्या आईची लघवी सुटली.

अशा ग्रुपचा क्रम ठरलेला असतो. गोल करून उभं राहायचं, मान-खांदे फिरवायचे, मग हात वर नेत पाय फाकवून उड्या, मग जागच्या जागी धावणं. हे दहा मिनिटं झालं की चालायला सुटायचं. तुझी आई चालायला नाही म्हणाली, असं तू धरून बसली आहेस. बहुतेक ती चालण्यापर्यंत पोचलीच नाही.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय या सगळ्यांना तिचा आधार. उडी मारली, शिंकलं, खोकलं की पोटातला दाब एकदम वाढतो आणि त्या क्षणी हे स्नायू लघवीचा मार्ग आवळून धरतात. बाळंतपणात ते ताणले जातात, पाळी गेल्यावर तिथली त्वचा आणि आतलं अस्तर पातळ होतं, वाढलेलं वजन, जुना खोकला आणि बद्धकोष्ठता भर घालत राहतात. मग हसताना, जिना उतरताना, भरलेला कुकर उचलताना थेंब जातात. मंडईत जात नाहीत, कारण मंडईत कोणी उड्या मारत नाही, आणि तिथे दर दहा पावलांवर भाव विचारायला थांबताही येतं. तुला जे ढोंग वाटलं त्याचा उलगडा एवढाच आहे.

त्यात मधुमेह. साखर चढलेली असली की लघवी जास्त होते, आणि लघवीच्या जागी जंतुसंसर्गही लवकर होतो. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांतल्या काही (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) साखर लघवीवाटेच बाहेर टाकतात, म्हणजे फेऱ्या आणखी वाढल्या. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, ते पुष्कळांना ठाऊकच नसतं. सकाळी उठून गोळी घ्यायची आणि लगेच तासभर घराबाहेर राहायचं, हे वेळापत्रक ज्याने केलं त्याने स्वच्छतागृह कुठे आहे हा विचार केलेला नाही. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं.

आई ‘गुडघे’ म्हणाली, कारण गुडघा ही चारचौघांत नाव घ्यायला सोयीची जागा आहे. मोठी माणसं व्यायामाला नाही म्हणतात तेव्हा सांगण्याजोगं कारण पुढे करतात आणि खरं मागे ठेवतात. कोणाला बाकीच्यांच्या वेगाने चालवत नाही आणि मागे पडल्याची लाज वाटते, कोणाला गल्लीतल्या कुत्र्यांची धास्ती असते, कोणाला दम लागला की छातीत काही होईल ही भीती. सगळे म्हणतात, ‘वेळ नाही हो’. आणि बायकांच्या बाबतीत हे लघवीचं कारण अतिशय सर्रास आहे, तरी नाव नोंदवताना बीपी, साखर, गुडघे, हृदय सगळं विचारतात आणि हे तेवढं कोणी विचारत नाही. न आलेलीच्या नावापुढे ‘उत्साह नाही’ असा शेरा मारला की काम झालं.

बाबांचं उदाहरण तर तू काढूच नकोस. टेकडीवर पुरुषाला झाडाचा आडोसा पुरतो. बाईने काय करायचं? मुंबईत २०११ साली बायकांना ‘राइट टू पी’ (लघवीला जागा मिळण्याचा हक्क) या नावाने चळवळ उभारावी लागली, ती काही हौसेने नव्हे.

आता तुझ्याबद्दल. तू रोज घरच्या ग्रुपवर पावलं विचारतेस. तुझ्या मनात काय असेल ते असो, आईला मात्र रोज बाबा, भाऊ, वहिनी यांच्यादेखत त्या सकाळची आठवण करून दिली जाते. तिला तब्येतीचं काही वाटत नाही म्हणतेस. ज्या बाईला काही वाटत नाही ती अर्ध्यातून घरी येऊन गुपचूप पुन्हा आंघोळीला जात नाही.

तेव्हा एकच कर. येत्या शनिवारी पुण्याला जा, बाबा टेकडीवर गेले की स्वयंपाकघरात आईजवळ उभी राहा आणि सरळ विचार: “आई, खोकताना, शिंकताना, उड्या मारताना लघवीचे थेंब जातात का गं?” आडवळण नको. ‘खालचा काही त्रास’ असं विचारलंस तर ‘काही नाही’ असंच उत्तर येईल. फोनवर तर अजिबात नको, तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो. ती नाही म्हणाली तरी पिच्छा पुरवू नकोस. एवढंच सांग, की पुष्कळ बायकांना होतं, यावर इलाज आहे, आणि मी तुझ्याबरोबर डॉक्टरकडे येते. बहुतेक ती तिसऱ्या वाक्याला बोलेल. विचारशील तेव्हा हात कणकेत असले तर उत्तम, म्हणजे एकमेकींकडे बघावं लागत नाही. माझा अंदाज चुकला असेल तर तेही तिथेच कळेल, आणि कळेल ते ठाण्यात बसून लावलेल्या ‘आळशी’पेक्षा खरं असेल.

डॉक्टर म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ. जाण्याआधी तीन दिवस वहीत लिहून ठेवायचं: किती वाजता काय किती प्यायलं, किती वाजता लघवीला गेली, किती झाली (स्वयंपाकघरातून कायमचा हद्दपार केलेला एक मापाचा कप त्यासाठी ठेवा), कधी गळली आणि त्या वेळी काय करत होती. ही वही फार कामाची, कारण त्यावरून प्रकार कळतो. उडी, शिंक, ओझं यांनी गळणं हा एक प्रकार. एकदम घाई येऊन न्हाणीघराच्या दारापर्यंत पोचायच्या आत होणं हा दुसरा. पन्नाशीपुढे बऱ्याच जणींना दोन्ही असतात, आणि दोहोंचे उपाय वेगळे. तपासण्यांत लघवीची रूटीन आणि कल्चर, तीन महिन्यांची सरासरी साखर, आणि सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते मोजणं. जुन्या मधुमेहात कधीकधी मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही आणि वरचेवर ओसंडतं, म्हणून हे शेवटचं टाळायचं नाही. लघवीत रक्त असेल, जळजळ-ताप असेल, अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर शनिवारचीही वाट नको. पाय अचानक लुळे पडून किंवा बसायची जागा बधिर होऊन लघवी सुटली, तर तडक मोठं रुग्णालय गाठायचं.

दाबाने गळण्यावर पहिला उपाय व्यायामच आहे, फक्त तो वॉकिंग ग्रुपवाला नव्हे. आर्नॉल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली तो मांडला, म्हणून त्याला कीगल म्हणतात. आधी आई उताणी झोपेल, गुडघे वाकवून. वारा सुटू नये म्हणून आपण जे आवळतो ते आवळायचं, आणि तोच ताण पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणत वर, पोटाच्या दिशेने ओढायचा. तीन आकडे मोजेपर्यंत धरायचं, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. असं आठ ते दहा वेळा. शेवटी दहा झटपट आवळ-सोड. दिवसातून तीनदा. आठवड्या-दोन आठवड्यांनी धरायचा वेळ एकेक आकड्याने वाढवत दहापर्यंत न्यायचा, आणि जमलं की बसून, मग उभ्याने.

बिघडतं ते इथे. बायका श्वास रोखतात. नितंब आणि मांड्या आवळतात, म्हणजे काम भलतेच स्नायू करतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वर ओढायच्या ऐवजी शौचाला बसल्यासारखं खाली ढकलतात, त्याने त्रास वाढतो. मोठ्याने आकडे मोजायला सांग, श्वास आपोआप चालू राहील. एक हात पोटावर ठेवू दे, पोट फुगलं तर चुकतंय. लघवी करताना मध्येच धार तोडून सराव करायचा, हे अजून सांगितलं जातं. ते करू नये, मूत्राशय रिकामं व्हायची सवय बिघडते. पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या या झोळीचं, काम करणारी फिजिओथेरपिस्ट पुण्यात मिळेल. सुरुवातीला तिच्याकडून एकदा तपासून घेतलंत तर महिनाभराची चुकीची मेहनत वाचेल. दुखत असेल तर तिच्याशिवाय करूच नये.

फरक दिसायला वेळ लागतो. ब्रिटनच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठ, आणि निदान तीन महिने असंच दिलं आहे. बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडतात. सकाळचा चहा उकळताना, दुपारी आडवं होताना आणि रात्रीच्या मालिकेतल्या जाहिरातींत, अशा तीन वेळा बांधून दे. आणि एक युक्ती पहिल्याच आठवड्यात शिकव: शिंक येतेय असं वाटलं किंवा बादली उचलायची असली की आधी आवळायचं, मग शिंकायचं किंवा उचलायचं. ही लवकर जमते आणि बाईला धीर येतो. यानेही भागलं नाही तर आत बसवायची रिंग आहे, शस्त्रक्रिया आहे. ते डॉक्टर बघतील.

पाणी तोडू देऊ नकोस. बाहेर जायचं म्हणून सकाळपासून घोटभरही न पिणाऱ्या बायका असतात. घट्ट, पिवळीजर्द लघवी मूत्राशयाला जास्तच चाळवते, शिवाय शौचाला खडा होतो आणि कुंथण्याने तेच स्नायू ढिले पडतात. पाणी दिवसभरात वाटून प्यायचं. कमी करायचाच तर चहा, विशेषतः निघायच्या आधीचा. उगाच ‘जाऊन घेते’ म्हणत अर्ध्या-अर्ध्या तासाने जाणंही थांबवायचं, त्याने मूत्राशयाला थोड्याशावर घाई करायची खोड लागते. दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी अंतर वाढवत न्यायचं. पाळीचे पॅड यासाठी नसतात, ते लघवी चटकन शोषत नाहीत आणि वास राहतो. लघवी गळण्यासाठीचे वेगळे, पातळ पॅड औषधांच्या दुकानात मिळतात. दोन पाकिटं तू घेऊन जा, न बोलता कपाटात ठेव.

आणि चालणं? ते उद्यापासूनही होईल, फक्त ग्रुपशिवाय. तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं, सोसायटीच्या आतल्या आत, घराचं दार दोन मिनिटांवर राहील असं. आठवड्याची २१० मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मागते, आणि मधुमेहाला जेवणानंतरचं चालणंच जास्त मानवतं, कारण साखर चढायची वेळ तीच असते. गती इतकी, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. गुडघेही थोडेफार दुखत असतीलच या वयात. सपाट रस्त्यावर बेताने चालल्याने ते झिजत नाहीत, मांड्यांना बळ येऊन उलट बरे राहतात. पुढे तिला मैत्रिणींसाठी ग्रुपमध्ये जावंसं वाटलं तर जाऊ दे. उड्या सुरू झाल्या की बाजूला होऊन जागच्या जागी पावलं टाकायची. कोणी विचारलं तर गुडघे आहेतच की, तिथे ते सांगायला माझी काही हरकत नाही.

भरलेल्या पैशांचं नाव काढू नकोस. घड्याळ तू स्वतः घाल. घरच्या ग्रुपवरचा पावलांचा विषय आज, हे वाचून झाल्याबरोबर बंद कर, आणि का बंद केलास हे कोणी विचारलं तर ‘कंटाळा आला’ म्हण. बाबांना काय सांगायचं, किती सांगायचं, ते आई ठरवेल.

डॉक्टरकडे निघताना लघवीच्या तपासणीसाठी तिला पाणी प्यावं लागणार, आणि नेमकी तीच तिची धास्ती असेल. म्हणून आदल्या दिवशी फोन करून लवकरातली वेळ घे, रिक्षा दारात बोलाव, पिशवीत एक जादा परकर आणि पॅड टाक, आणि पोचल्यावर नाव लिहायच्या आधी तिथलं स्वच्छतागृह कुठे आहे ते तू बघून ये.

— मावशी