कण भिरकावले का जातात?

प्रश्न : गॅजेट हा विश्वातल्या पदार्थाच्या हालचालीची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्राम चालवतो आहे; 50 मेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे 33 लाख प्रकाशवर्षं) बाजूच्या घनात 128×128×128 कण घेतलेत. दोन कण जवळ आले की एकमेकांना भिरकावतात आणि काम रखडतं. चुकतंय कुठे?

उत्तर : सॉफ्टनिंग (गुरुत्वाकर्षण बोथट करण्याचं अंतर) फार लहान ठेवलंय. कण म्हणजे तारा नव्हे. 2005च्या मिलेनियम सिम्युलेशन या विश्वाच्या संगणकीय नकलेतही एकेक कण शंभर कोटी सूर्यांहून जड होता. अशा ढेकळांची जवळून झटापट खोटीच, आणि तिच्यापायी कालपायरी (हिशेबाच्या दोन टप्प्यांमधला वेळ) आक्रसते. म्हणून ठरावीक अंतराच्या आत गुरुत्वाकर्षण बोथट करतात. तुमच्या कणांमधलं सरासरी अंतर 390 किलोपार्सेक (मेगापार्सेकचा हजारावा भाग म्हणजे एक किलोपार्सेक). त्याचा तिसावा भाग, म्हणजे 13 किलोपार्सेक सॉफ्टनिंग ठेवून पाहा. हात सैल सोडून 50 केलंत, तर प्रभामंडलांचे (गुरुत्वाकर्षणाने जमलेल्या कृष्णपदार्थाच्या गोळ्यांचे) गाभे पसरट होतील. आणि हो, वीस-पंचवीस कणांच्या पुंजक्यावर लगेच विश्वास ठेवू नका.