अमावास्या धरून हानले

प्रश्न : आम्ही साखळीला राहतो. चवथ आटोपल्यावर मी, यजमान आणि कॉलेजात शिकणारा मुलगा असे तिघे तारे पाहण्यासाठी लडाखमधील हानले येथे आठ दिवसांसाठी जावे, असे मनात आहे. ज्या प्रवास कंपन्यांकडे चौकशी केली, त्या सर्वच लेहला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी हानलेला नेऊ म्हणतात आणि तारखांबाबत ‘तेथे आकाश नेहमीच स्वच्छ असते’ एवढेच सांगतात. योग्य काळ कोणता, बेत कसा आखावा, आणि गोव्यात न दिसणारे असे तेथे काय दिसेल? — एक वाचक, साखळी

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा बेत त्यावरच ठरतो. आकाशगंगेचा सर्वांत दाट आणि तेजस्वी भाग धनू व वृश्चिक राशींच्या दिशेला आहे आणि तो रात्री सर्वाधिक वेळ दिसण्याचे महिने म्हणजे जून ते ऑगस्ट. नेमके हेच आपले पावसाचे महिने. त्यामुळे गोव्यातील माणसाला हा गाभा पाहायचा तर उन्हाळ्यात उत्तररात्री उठावे लागते, नाहीतर पाऊस सरल्यावर तिन्हीसांजेनंतर तो मावळतीला झुकलेला असताना घाईने गाठावा लागतो. लडाख हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तेथेही अधूनमधून ढग येतात, म्हणून सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा काळ मला अधिक भरवशाचा वाटतो. शिवाय हानले समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ व कोरडी असते आणि जवळपास एकही शहर नाही. २०२२ मध्ये या गावाभोवतीचा सुमारे १,०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश अंधाऱ्या आकाशासाठी राखीव म्हणून जाहीर झाला.

‘नेहमीच स्वच्छ’ या उत्तरावर मात्र विसंबू नये. आकाश निरभ्र असूनही चंद्र असेल तर एवढा प्रवास करून हाती फारसे काही लागत नाही. पौर्णिमेच्या आसपास त्या कोरड्या हवेत डोंगर, वाळू आणि गोंपाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, पांढऱ्या भिंती उजळून निघतात, आणि आकाशगंगा त्या उजेडात हरवते. म्हणून विमानाच्या तिकिटांआधी पंचांग उघडावे. चवथीनंतर साधारण सव्वीस दिवसांनी सर्वपित्री अमावास्या येते, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत केव्हातरी. हानलेतील मुक्काम भाद्रपद वद्य दशमी ते अमावास्या या दिवसांत पडेल, असे पाहावे. घरातील म्हाळाची तिथी पहिल्या आठवड्यात असेल तर ती उरकून निघता येईल. ती अगदी शेवटी असेल आणि आपण अमावास्येनंतर निघालात, तर हानलेला पोहोचेपर्यंत आश्विन शुद्ध पंचमी उजाडलेली असेल. तेव्हा चंद्र लवकर मावळतो हे खरे, पण त्या दिवसांत तो आकाशगंगेच्या गाभ्याजवळच असतो आणि त्याच्या मागोमाग गाभाही मावळतो. उरलेली रात्र अंधारी मिळेल, गाभा मात्र हुकेल.

आता दुसऱ्या दिवशी हानलेला नेण्याविषयी. कृपया हे मान्य करू नका. आपण समुद्रकाठची माणसे. लेहच ३,५०० मीटरवर आहे, आणि हानलेत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरतो. माझ्या पहिल्या फेरीत आम्हांला असेच दुसऱ्या दिवशी वर नेले होते. त्या रात्री आकाश लख्ख होते, सोबती अंगणातून हाका मारत होते, आणि मी डोके गच्च आवळून रजईत पडून होतो. दाराच्या फटीतून दिसलेल्या चार-दोन ताऱ्यांपलीकडे त्या रात्रीचे मला काही आठवत नाही. प्राणवायू कमी पडला की अंधारात पाहण्याची डोळ्यांची शक्तीही मंदावते, त्यामुळे शरीर रुळल्याशिवाय वर जाण्यात निरीक्षणाचेही नुकसानच आहे.

आठ दिवसांचा बेत असा बसतो : पहिला मुक्काम दिल्लीत, दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने लेह, तेथे दोन रात्री आणि त्यांतील पहिला दिवस निव्वळ विश्रांतीचा, मग सिंधूच्या काठाने जाताना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या चुमाथांगला एक रात्र, हानलेला दोन रात्री, परत लेहला एक रात्र आणि घर. मुलाच्या कॉलेजातून रजा मिळत असेल तर आणखी एक रात्र हानलेसाठी ठेवावी, कारण दोनपैकी एक रात्र ढगांनी घेतली तर हळहळ वाटते. डोकेदुखी, मळमळ किंवा चालताना तोल जाणे वाढत गेले, तर औषध घेऊन थांबण्यापेक्षा खाली उतरावे. उंचीवरील त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, विशेषतः कोणाला रक्तदाब वा हृदयाचा त्रास असल्यास. हानले सीमेजवळ असल्याने परवानगीचा सध्याचा नियम लेहच्या जिल्हा प्रशासनाकडून तपासून घ्यावा.

मुलाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. तेथील डोंगरावर ४,५०० मीटरवर भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे आणि तिच्यातील दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण (हे नाव शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून) २००० सालापासून आकाश पाहते आहे, पण तिला डोळा लावता येत नाही. ती बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. आकाश दाखवण्यासाठी संस्थेने गावातील स्त्रीपुरुषांना प्रशिक्षण देऊन दुर्बिणी दिल्या आहेत. त्यांच्याकडेच जावे. आपण भरलेले पैसेही त्यामुळे गावात राहतात.

रात्रीचा क्रम साधारण असा असेल. पावणेआठच्या सुमारास पूर्ण अंधार पडताच नैर्ऋत्येकडे धनू राशीतला गाभा पाहून घ्यावा. दहाच्या आसपास तो मावळतो. मध्यरात्री देवयानी तारकाविश्व जवळजवळ डोक्यावर येते आणि २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला तो प्रकाश नुसत्या डोळ्यांनी, लांबट धूसर ठिपक्यासारखा दिसतो. पहाटेपूर्वी पूर्वेला सुळक्यासारखा उभा राहणारा फिकट उजेड शहरातला समजू नये. तो राशिचक्रीय प्रकाश, म्हणजे ग्रहांच्या कक्षांच्या प्रतलातील धुळीवरून परतलेला सूर्यप्रकाश होय. डोळे अंधाराला सरावायला किमान अर्धा तास लागतो आणि मोबाइलच्या एका उजेडाने तो अर्धा तास वाया जातो, म्हणून लाल कागद लावलेली विजेरीच बाळगावी. रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. तेव्हा कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या अंगावरच्या आतल्या खिशात ठेवाव्यात.

तरीही घरचे आकाश उणे समजू नका. हानले सुमारे ३३ अंश अक्षांशावर आहे, तर आपण साडेपंधरा अंशांवर. त्रिशंकू हा तारकासमूह आणि मित्र हा तारा हानलेहून क्षितिजावर येतच नाहीत, अगस्त्याचा तारा जेमतेम चार-पाच अंश वर येतो आणि डोंगरांआड राहतो. एप्रिल-मेमध्ये रात्री दहा-अकराच्या सुमारास दक्षिणेचे क्षितिज मोकळे असलेल्या जागेवरून गोव्यात त्रिशंकू सहज दिसतो.

प्रश्न : नऊ वर्षांची मुलगी आणि वयस्क आई यांना घेऊन लडाखला जाणे शक्य नाही. जवळच्या डोंगरात काय करता येईल? — एक वाचक, फोंडा

उत्तर : डिसेंबरमध्ये चोर्ला किंवा आंबोली परिसरात एका रात्रीचा मुक्काम करावा. १३ डिसेंबरची रात्र मिथुन राशीतील उल्कावर्षावाची असते. चंद्राची अडचण नसलेले वर्ष निवडले तर मुलीला दुर्बिणीवाचून तासाभरात अनेक उल्का मोजता येतील. मिथुन रास संध्याकाळनंतर उगवते आणि रात्री दोनच्या सुमारास सर्वांत उंच येते, पण मुलीसाठी दहा ते बारा ही वेळही चांगली आहे.

घाटाच्या वळणावर गाडी थांबवून मात्र उभे राहू नका. चोर्ल्याच्या रस्त्यावर रात्रीही वाहने चालतात, त्यांचे दिवे डोळे दिपवतात आणि धोका तर आहेच. आजूबाजूला म्हादई अभयारण्य आहे, तेव्हा रानात शिरू नये. मुक्कामाच्या जागेचे अंगण पुरे, फक्त मालकांना बाहेरचे दिवे मालवायला आधी सांगून ठेवावे. किनाऱ्याकडचा उजेड पश्चिमेला दिसतो, म्हणून चटई पूर्वेकडे तोंड होईल अशी घालावी. त्या दिवसांत दव एवढे पडते की तासाभरात पांघरूण ओलसर लागते. आईंसाठी आरामखुर्ची, कानटोपी आणि वरून घ्यायला प्लास्टिकचा कागद न्यावा. त्याआधी एखाद्या संध्याकाळी पणजीच्या असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमीकडे आधी चौकशी करून त्यांच्या आकाशदर्शनाला मुलीला नेऊन आणावे.

प्रश्न : अशा सहलीसाठी दुर्बीण विकत घ्यावी का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : मोठी दुर्बीण इतक्यात घेऊ नका. १० × ५० ची, म्हणजे दहापट मोठे दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, द्विनेत्री घ्या आणि सहलीपूर्वी महिनाभर गच्चीवरून तिने कृत्तिका, मृगातील तेजोमेघ, गुरूचे चंद्र, जे आकाशात असेल ते शोधा. आमच्याकडील दमट हवेत भिंगांवर बुरशी लवकर धरते, तेव्हा ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.