मिनॅक थिएटर रोमन काळातलं आहे का? मुद्दाम जाऊन पाहावं का?

रोमन नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नोच्या कड्यावरचं हे नाट्यगृह 1932 सालचं. फोटोत पायऱ्या पुरातन वाटतात, पण बरंचसं काम सिमेंटचं आहे. तिथे उभं राहून माझे मेहुणे म्हणाले, "आर्किटेक्टच नाही, तर आर्किटेक्चर कसलं?"

ते स्वतः आर्किटेक्ट. मी वेंगुर्ल्याच्या गवंड्याचा मुलगा. बाबांनी देवळासमोर दशावतारासाठी चिऱ्याचा रंगमंच बांधला, तेव्हाही मेहुण्यांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "ड्रॉइंग कुठाय?" बाबा हातात ओळंबा धरून नुसते उभे राहिले. ते मी विसरलेलो नाही.

मिनॅक बांधणाऱ्या रोइना केड यांनीही बांधकामाचं शिक्षण घेतलं नव्हतं. गावातल्या हौशी मंडळींना शेक्सपिअरचं 'द टेम्पेस्ट' करायचं होतं. बाईंनी आपल्या घराखालचा कडा दिला आणि माळी बिली रॉलिंग्ज यांच्याबरोबर हिवाळाभर स्वतः दगडमाती उपसली. पहिल्या प्रयोगाला उजेड बॅटऱ्यांचा आणि मोटारींच्या दिव्यांचा. पुढे ग्रॅनाइट घडवून घेणं परवडेना, म्हणून सिमेंट धरलं. वाळू खालच्या किनाऱ्यावरून पोत्यांनी वर आणायची, आणि सिमेंट ओलं आहे तोवर जुन्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्यावर नक्षी काढायची. ऐंशी ओलांडली तरी त्यांचं काम चालू होतं.

बैठकांच्या पाठीवर नाटकाचं नाव आणि साल कोरलेलं आहे. मी एका अक्षराच्या खाचेत बोट फिरवलं. कडा झिजून गोल झाल्यात, पण रेघ कुठे हललेली नाही. रंगमंचामागे भिंत नाही, थेट समुद्र. रांगा उतार वळेल तशा वळलेल्या. जागेचं ऐकून बांधणं हेच आर्किटेक्चर, मग कागद असो नसो. मेहुण्यांना तिथेच सांगितलं, इथेही सांगतो.

जा, पण नुसतं बघून परतू नका, प्रयोगाचं तिकीट काढा. उन्हाळ्यातही स्वेटर, रेनकोट आणि बसायला उशी न्या. पावसात सहसा प्रयोग थांबत नाही. गुडघे दुखत असतील तर पायऱ्या त्रास देतील, हे आधीच सांगायला हवं होतं.

आणि हे वाचून कुणी घराच्या स्लॅबला समुद्राची वाळू घालू नका, मिठाने सळया गंजतात. बाबा नदीचीच आणायचे.