वाचकांचे प्रश्न : लंडनच्या आगीचा स्तंभ

प्रश्न : मुलीकडे लंडनला आम्ही उभयता दिवाळीनंतर जात आहोत. तेथील १६६६ च्या आगीचा स्मारकस्तंभ पाहण्याची इच्छा आहे. मी चौसष्ट वर्षांचा असून अजिंक्यतारा अजूनही चढतो, परंतु पत्नीला गुडघेदुखी आहे. स्तंभ चढणे झेपेल काय? न चढता तेथे पाहण्याजोगे काही आहे काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण अवश्य चढावे, पत्नीस मात्र आग्रह करू नये. आत ३११ पायऱ्यांचा गोल जिना आहे, लिफ्ट नाही, आणि चढणारे व उतरणारे त्याच अरुंद जिन्यात एकमेकांना वाट देत असतात. गडाच्या वाटेवर धोंड्यावर टेकता येते, तशी ऐसपैस सोय येथे नाही. जिन्याच्या मधली जागा मोकळी आहे, कारण क्रिस्टोफर रेन आणि रॉबर्ट हुक या रचनाकारांना स्तंभाचा उपयोग आकाशाचा वेध घेणारी दुर्बीण म्हणूनही करायचा होता; परंतु रस्त्यावरच्या रहदारीच्या हादऱ्यांमुळे तो बेत फसला.

तरीही, माझ्या मते, या स्थळाचे मर्म खालीच आहे, आणि ते पत्नीसह निवांत पाहता येईल. स्तंभाची उंची २०२ फूट आहे, आणि पुडिंग लेनमधील ज्या बेकरीत आग लागली ती जागाही स्तंभापासून तितक्याच अंतरावर आहे. म्हणून आधी त्या बोळापर्यंत चालत जावे. बोळात त्या काळचे काही उरलेले नाही, पण २ सप्टेंबरच्या पहाटे थॉमस फॅरिनर या बेकरीवाल्याच्या घरची मंडळी खिडकीतून शेजारच्या घरात निसटली, मोलकरणीला मात्र ते धाडस झाले नाही आणि ती या आगीचा पहिला बळी ठरली, ती हीच जागा. (त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले होते, हे ध्यानात घेतले की तो काळ आपल्याला परका वाटत नाही.) कोरडा उन्हाळा, पूर्वेचा जोरदार वारा आणि एकमेकांना खेटलेली लाकडी घरे यांमुळे चार दिवसांत सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्चे जळाली. आपल्या पेठांतील जुन्या वाड्यांची लाकडी माडी ज्यांनी आतून पाहिली आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

परतल्यावर चौथऱ्याच्या उत्तर बाजूचा लॅटिन लेख पाहावा. १६७७ मध्ये स्तंभ पूर्ण झाला, तेव्हा त्यात आगीची हकिगत होती. १६८१ मध्ये मात्र कॅथलिकांना दोषी ठरवणारे शब्द त्याखाली कोरण्यात आले. वास्तविक रॉबर्ट ह्युबर्ट नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीला, आग आपणच लावली या त्याने दिलेल्या खोट्या कबुलीवरून, आधीच फाशी दिले गेले होते, आणि आग लागल्यानंतर दोन दिवसांनी तो लंडनमध्ये उतरला होता, हे मागाहून उघड झाले. ते शब्द अखेर १८३० मध्ये छिन्नीने काढून टाकले. मुलीला सोबत घेऊन ती जागा शोधाच. वरून दिसणाऱ्या देखाव्यापेक्षा ती मला अधिक मोलाची वाटते.

आपण वर गेलात, की पत्नीने पश्चिमेकडील शिल्पपट पाहावा. जळालेले शहर आणि त्याला उभारी देणारा राजा दुसरा चार्ल्स त्यात कोरला आहे. आपण उतरून याल, तेव्हा चढल्याचे प्रमाणपत्र आपल्या हाती असेल. भुयारी रेल्वेच्या मॉन्युमेंट स्थानकावर उतरल्यास स्तंभ हाकेच्या अंतरावर आहे.