बाईच्या नावावर जमीन केल्याने गरिबी खरेच कमी होते, की नुसता कागद बदलतो?

तुमच्या प्रश्नातले ‘नुसता कागद’ हे शब्द वाचून उत्तर लिहायला बसले, कारण नेमक्या याच शब्दांवरून आमच्या घरात आजही वाद होतो.

माझे वडील १९९८ साली वारले, तेव्हा आजोबांपासूनची अकरा एकर कोरडवाहू जमीन सातबाऱ्यावर थोरल्या काकांच्या नावे होती आणि नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एवढेच लिहिलेले होते. त्या तीन अक्षरांखाली वडिलांचा निम्मा हिस्सा आणि त्यांच्यामागे उरलेली आई, मी व धाकटा भाऊ असे सगळेच झाकले गेलो. पेरणीपासून मळणीपर्यंत आई रानात राबत असे आणि काका ठरवतील तेवढी पोती आमच्या ओसरीवर येत. एका वर्षी तिने चार एकर वेगळी कसायला मागितली. काकांनी ती तोंडी दिली. पण पीककर्जासाठी ती सोसायटीत गेली, तेव्हा सचिवांनी तिच्या नावचा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा, मागितला. तिने पाटल्या गहाण ठेवून पेरणी केली, पाऊस गेला, पाटल्याही गेल्या, आणि त्या रानाचे दुष्काळी अनुदान काकांच्या खात्यात जमा झाले. पुढची दोन वर्षे आई दुसऱ्यांच्या बांधावर रोजाने खुरपायला जात होती.

कायद्यात काहीच कमी नव्हते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा पत्नी ही पहिल्या वर्गातली वारस आहे, म्हणजे मुलांच्या बरोबरीने सर्वांत आधी वाटा मिळणाऱ्यांपैकी. फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव बदलण्याच्या, नोंदीने मालकी निर्माण होत नाही असे वकील सांगतात आणि ते खरेही आहे. पण कर्ज, पीकविमा, अनुदान, भूसंपादनाचा मोबदला यांपैकी काहीही मागायला गेले की वकिलाचे मत कोणी विचारत नाही, सातबाराच विचारतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेती कसणाऱ्या खातेदारांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. उरलेल्या बायका काय घरी बसून होत्या?

२००७ मध्ये आईने वारस नोंदीचा अर्ज दिला, काकांनी हरकत घेतली आणि प्रकरण दोन वर्षे चालले. सुनावणीत अधिकाऱ्यांनी तिचे नाव मालकाच्या नव्हे तर ‘इतर हक्क’ या रकान्यात घालून विषय मिटवायला सुचवले, तेव्हा चौथी शिकलेली माझी आई म्हणाली, “साहेब, मी ज्या रकान्यात राबते, त्या रकान्यात नाव लावा.” नाव कब्जेदार सदरी, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या रकान्यात, लागले आणि पुढच्याच हंगामात तिला तिच्या नावावर पहिले पीककर्ज मिळाले. भावाची शिकवणी त्याच वर्षी सुरू झाली, एवढे सांगितले तरी पुरे.

काका अजूनही विचारतात, “तुझ्या आईला आम्ही कधी उपाशी ठेवलं का?” नाही ठेवले, हे मी मान्य करते. पण किती पोती, कधी आणि कोणाच्या मर्जीने, हे ज्या बाईला ठरवता येत नाही ती गरीबच असते, मग घरात धान्य असो वा नसो.

म्हणून माझा सल्ला असा की तेराव्याच्या गर्दीत हक्कसोडपत्रावर सही करू नका, फेरफाराच्या नोटिशीवर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मुलींनी तर विशेष लक्ष द्यावे, कारण याच कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने मिळालेला हक्क जन्मापासूनचा आहे आणि त्यासाठी दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. (काकांच्या मुलीने मागच्या महिन्यात आईच्या अर्जाची प्रत माझ्याकडून नेली आहे. काकांना अजून ठाऊक नाही.)

हे सारे हिंदू उत्तराधिकार कायद्यापुरते आहे. मुस्लिम कुटुंबांत त्यांचा व्यक्तिगत कायदा लागतो आणि अनुसूचित जमातींना हा कायदा सहसा लागू होत नाही, तेव्हा तिथे वेगळी चौकशी करावी. शिवाय नाव लागल्याने विहिरीला पाणी येत नाही. आमची चार एकर आजही कोरडवाहूच आहे.