तुमचे प्रश्न : न्हावाशेवाची रांग नक्की लागते कुठं?

कंटेनर ट्रेलर आणि बंदराच्या वाहतुकीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर ढीगच आला. निम्मे प्रश्न उरण-पनवेलचे, त्यात निम्म्या नुसत्या शिव्या, त्या काही छापता येत नाहीत. उरलेल्यातले पाच घेतलेत.

प्रश्न : आम्ही निफाडचे द्राक्षवाले. फेब्रुवारीत आमचा रिफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर वेळेत निघाला, रात्री कळंबोलीला पोचला पण, तरी बंदरात शिरायला दीड दिवस लागला आणि जहाज हुकलं. क्लिअरिंगवाला, म्हणजे कस्टमचे कागद करणारा, म्हणतो ट्रॅफिक होतं, ट्रान्सपोर्टवाला म्हणतो कागद नव्हते, आणि हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, मात्र दोघंही आमच्याकडंच मागतायत. खरं कोण बोलतंय?

दोघंही अर्धं अर्धं खरं बोलतायत हो, आणि उरलेलं अर्धं दोघंही गिळतायत.

बघा, गेटवर गाडी उभी राहते तेव्हा तिच्याकडं तीन गोष्टी तयार लागतात. त्या जहाजासाठी निघालेला फॉर्म १३, म्हणजे गेटातून आत सोडायचा कागद, कस्टमचा लेट एक्सपोर्ट म्हणजे माल बाहेर पाठवायची परवानगी, आपले लोक ज्याला एलईओ म्हणतात तो, आणि कंटेनरचं वजन लाईनला, म्हणजे जहाज कंपनीला कळवलेलं, ते तर १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे, वजन नाही तर बॉक्स जहाजावर चढत नाही. तुमचा माल निफाडलाच भरून ई-सील, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सील, लावून निघाला असणार, म्हणजे एलईओ पार्किंग प्लाझात मिळतो, तिथं कस्टमवाले सील तपासतात आणि मग गाडी पुढं सोडतात. यातलं एक जरी अडकलं तरी गाडी बाजूला. आणि अडकायला मोठं कारण लागत नाही. कंटेनरच्या दारावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात ना, त्यातला शेवटचा, चौकोनात लिहिलेला आकडा हा तपासणीचा असतो, आधीच्या अक्षरं-आकड्यांवरून गणित करून काढलेला, त्यामुळं नंबर टाईप करताना चूक झाली तर सिस्टीम बहुतेक वेळा तिथल्या तिथं पकडते. सीलच्या नंबराला असली काही सोय नाही. पॅकहाऊसमधल्या पोराने फोनवरून सील नंबर सांगितला, ऑफिसातल्याने सहाच्या जागी आठ ऐकला, आणि ते कळतं कधी, तर गाडी लेनमध्ये घुसल्यावर. मागं गाड्या लागलेल्या, चाळीस फुटी ट्रेलर तिथून रिव्हर्स घेणार कसा? म्हणजे तुमच्या एका आकड्यापायी मागचे पण थांबले, आणि कधी तुम्ही दुसऱ्याच्या आकड्यापायी थांबता. याला लोक ट्रॅफिक म्हणतात.

दुसरं म्हणजे जहाजाचा कटऑफ, डबा बंदरात पोचायची शेवटची वेळ. न्हावाशेवाला एक बंदर म्हणतो आपण पण कंटेनरची टर्मिनलं पाच आहेत, प्रत्येकाचं गेट वेगळं, जहाजांचं वेळापत्रक वेगळं. २०२३च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ल्यांची भानगड सुरू झाली, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली आणि ठरलेला वारच राहिला नाही, चार दिवस एकही नाही आणि मग तीन एकदम. एकाच मुहूर्तावर गावात चार लग्नं निघावीत तसं होतं मग, सगळे एक्सपोर्टर एकाच रात्री त्याच रस्त्यावर. त्यात ठाण्या-मुंबईकडं जड गाड्यांना ठरावीक तासांची बंदी, म्हणजे नाशिककडून येणाऱ्या गाड्या बंदी उठली की घोळक्यानंच सुटतात, आणि घोळक्यानंच पोचतात.

पुढच्या सीझनला एवढं करा. गाडी पॅकहाऊसमधून हलायच्या आधी लाईनकडून जहाज, टर्मिनल आणि कटऑफ या तिन्ही गोष्टी लेखी घ्या, आणि निघताना परत विचारा, टर्मिनल शेवटच्या क्षणी बदलल्याचे प्रकार होतात. बंद दाराचा आणि सीलचा फोटो क्लिअरिंगवाल्याला पाठवा, नंबर तोंडी सांगू नका. जनसेटमध्ये, म्हणजे थंडी चालू ठेवणाऱ्या जनरेटरमध्ये, डिझेल दोन दिवसांचं हवं, द्राक्षं शून्याच्या आसपास न्यायची असतात, गाडी रांगेत असली तरी थंडी चालूच राहायला हवी. आणि हॉल्टिंग कुठल्या कारणाला कोण भरणार ते आधीच ठरवा. कागदापायी थांबली तर क्लिअरिंगवाला, गाडी उशिरा लागली तर ट्रान्सपोर्टवाला, जहाज लेट असेल तर तुम्ही. असं लिहून मागितलं की दोघांचाही सूर बदलतो, करून बघा.

प्रश्न : मी जासईची, रोज स्कूटीवर कामाला जाते. एवढा मोठा पार्किंग प्लाझा बांधला म्हणतात मग ट्रेलर अजून रस्त्याकडेला का? रात्री उभी गाडी दिसतच नाही, आमच्याकडं किती पोरं गेली अशी.

ताई, तुमच्या प्रश्नात राग आहे तो रास्तच आहे.

आधी आकार समजून घ्या म्हणजे कळेल. बंदराने २०२४-२५ मध्ये जवळजवळ ७३ लाख टीईयू हाताळले. टीईयू म्हणजे वीस फुटी बॉक्स, चाळीस फुटी असेल तर तो दोन धरतात. तर ढोबळ हिशोब करू, दोन्ही मापांचे डबे असतात म्हणून दीडने भागा, अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास लाख डबे, त्यातला रेल्वेने जाणारा वाटा पाचव्या हिश्श्याच्याही आत, म्हणजे रस्त्यावर दिवसाला दहा-अकरा हजार डबे धरा. हा माझा कागदावरचा अंदाज आहे, सरकारी आकडा नाही. त्यात भर म्हणजे डबा बंदरातून निघाला की सरळ घरी जातोच असं नाही. आधी सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाला, तिथं माल उतरला की रिकामा डबा एम्टी यार्डला, तिथून भरायला दुसरीकडं. एका डब्याच्या मागं गाडीच्या दोन-तीन फेऱ्या याच करळ फाटा, दास्तान फाटा, गव्हाण फाट्यावरून होतात. सीएफएस तीसच्या वर आहेत इथं.

आता प्लाझा. ४५ हेक्टरचा आहे, दीड हजाराच्या वर ट्रेलर राहतात, चांगली गोष्ट आहे, आधी तर तेही नव्हतं. पण तो मुख्यतः एक्सपोर्टच्या, फॅक्टरीतून भरून आलेल्या गाड्यांसाठी आहे, कस्टमचं काम तिथं होतं म्हणून. तुमच्या रस्त्यावर उभी असते ती वेगळी गाडी. एक, एम्टी यार्डच्या बाहेर नंबर लावून थांबलेली, कारण यार्डवाल्याने आत उभं राहायला जागाच ठेवलेली नाही, त्याची सगळी जागा डबे रचण्यात गेली. दोन, ज्याला अजून ऑर्डरच आली नाही असा ड्रायव्हर, मालकाचा फोन येईपर्यंत तो जाणार कुठं. आणि तीन, बिघडलेली.

माझं स्पष्ट मत सांगतो, नो पार्किंगचे बोर्ड आणि चलनं यांनी काही होणार नाही, दंड ड्रायव्हरच्या खिशातून जातो आणि यार्डवाला नामानिराळा. ज्याच्या दारात रांग लागते त्याला आत अमुक इतक्या गाड्यांची जागा ठेवायला लावायची, परवान्यातच, नसेल तर परवाना नाही. ज्या गावांनी जमीन दिली, १९८४च्या जानेवारीत जासईच्या आणि नवघरच्या गोळीबारात माणसं गमावली, त्यांना सर्व्हिस रोडसुद्धा मोकळा मिळू नये हे पटत नाही. तोवर ग्रामपंचायतीनं आणि तुमच्यासारख्यांनी एकच मागणी लावून धरा, उभ्या ट्रेलरच्या मागं रिफ्लेक्टर टेप आणि चालू टेललाईट. ट्रेलरचा मागचा भाग कायम चिखलानं माखलेला असतो, टेप असली तरी दिसत नाही, रिकाम्या ट्रेलरचं नुसतं सांगाडं तर अंधारात अजिबात कळत नाही. गेटवर आत सोडताना इतकं सगळं तपासतात, मागचे लाईट तपासायला किती वेळ लागतो?

प्रश्न : चार ट्रेलर आहेत माझे, कळंबोलीला. पूर्वी दिवसाला दोन ट्रिपा व्हायच्या, आता एकीचे वांधे. फॉरेनला म्हणे मोबाईलवर टाईम बुक करतात अन् तेवढ्यालाच जायचं. आपल्याकडं केलं तर फायदा होईल का आमचा?

होईल, पण नियम कोण लिहितोय त्यावर आहे दादा. स्लॉट बुकिंग ऐकायला झकास आहे, पण नुसतं बुकिंग आणलं की रांग जात नाही, जागा बदलते.

कॅलिफोर्नियात २००२ साली कायदा केला की गेटबाहेर ट्रक अर्ध्या तासावर ताटकळला तर टर्मिनलला २५० डॉलर दंड. पण पळवाट ठेवली, अपॉइंटमेंट देता ना, मग सूट. बऱ्याच टर्मिनलनी नावाला अपॉइंटमेंट सुरू केली, गेटबाहेरचं थांबणं तेवढं मोजलं जायचं, आतलं कोण बघतंय. मग २००५ ला लॉस एंजेलिस आणि लाँग बीचला पिअरपास आलं, दिवसा माल काढला तर जादा फी, संध्याकाळी सहानंतर माफ. रात्रीकडं बरीच वाहतूक वळली हे खरंच, पण झालं काय की साडेचार-पाचपासूनच ट्रक गेटबाहेर येऊन सहा वाजायची वाट बघत उभे. फी मालवाल्याची वाचायची, वेळ ड्रायव्हरचा जायचा. शेवटी २०१८ ला ती पद्धत मोडून दोन्ही पाळ्यांना सारखी फी आणि अपॉइंटमेंट केली.

मनिलाचं तर अजून भारी. २०१४च्या फेब्रुवारीत शहराने दिवसा ट्रकबंदी केली, शहरातलं ट्रॅफिक कमी होईल म्हणून, आणि बंदरात डबे साचून साचून अशी कोंडी झाली की सप्टेंबरात बंदी उठवावी लागली. पुढच्या वर्षी टर्मिनलवाल्यांनी बुकिंग आणलं.

मला पटलेलं एकच, सिडनीचं पोर्ट बोटनी. तिथं २०११ पासून दंड दोन्हीकडून आहे. तुम्ही स्लॉटला उशिरा आलात तर तुम्ही टर्मिनलला भरा, आणि वेळेत आलात पण टर्मिनलने तुमचं काम ठरल्या वेळात केलं नाही तर टर्मिनल तुम्हाला भरणार. सरकारने नियम करून लावलंय हे, आपसात कोणी असलं कबूल करत नाही. आपल्याकडं तुमची गाडी आठ तास थांबली तर त्याचा खर्च कोणाच्या खात्यात पडतो? तुमच्या. टर्मिनलला क्रेन थांबली तर दुखतं, लाईनला जहाज थांबलं तर दुखतं, ट्रेलर थांबला तर त्या दोघांनाही काहीच दुखत नाही, उलट दारात गाड्या तयार असल्या की त्यांची क्रेन रिकामी राहत नाही. म्हणून रांग आहे. तुमच्या युनियनने स्लॉटला विरोध करू नये, हो म्हणावं, फक्त दंड दुहेरी असला तरच.

तोवर ट्रिपा वाढवायचा एकच मार्ग, एक्सपोर्टचा डबा टाकायला आत गेलेली गाडी इम्पोर्टचा डबा घेऊनच बाहेर काढायची. एका गेटात दोन कामं. त्याला दोन पार्ट्या जुळायला लागतात आणि तेही एकाच टर्मिनलला, चार गाड्यांच्या मालकाला एकट्याला जमत नाही, पण कळंबोलीत तुमच्यासारखे दहा जण एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज रात्री उद्याच्या डब्यांचे नंबर टाकायला लागले तर आठवड्यातून काही ट्रिपा नक्की जुळतील.

प्रश्न : गेटवर विचारलं की "सिस्टीम डाऊन" सांगतात. खरंच असतं का ते, का चहाला गेलेले असतात?

चहाला पण जातात! पण खरंच असतं. गेटवर आता गाडीचा आरएफआयडी टॅग वाचला जातो, नंबर कॅमेरा टिपतो, फॉर्म कॉम्प्युटरवर, आत गेल्यावर कुठल्या ब्लॉकला जायचं ती स्लिप पण त्यातूनच येते. ते बंद पडलं की क्रेनवाल्याला कुठला डबा कुठं ठेवलाय हेच कळत नाही. २७ जून २०१७ ला मर्स्क या जहाज कंपनीवर व्हायरसचा हल्ला झाला, मूळ घाव युक्रेनमधला, आणि त्यात त्यांचं न्हावाशेवाचं टर्मिनल पण ठप्प झालं, गाड्यांच्या रांगा रस्त्यावर. आपल्या गव्हाण फाट्याचा माणूस युक्रेनच्या व्हायरसपायी ट्रॅफिकमध्ये अडकला, आहे की नाही गंमत.

प्रश्न : माझे मिस्टर न्हावाशेवाला ट्रेलरवर आहेत, आम्ही बीडचे. घरी कधी येणार ते त्यांना स्वतःलाच माहीत नसतं, आणि थांबलेल्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत म्हणतात. हे असंच असतं का सगळ्यांचं?

बहुतेकांचं असंच असतं वहिनी, ट्रिपवर भत्ता ठरलेला असतो, ट्रिप झाली तर पैसे. गाडी दोन दिवस रांगेत असली तरी ट्रिप एकच. पण एक गोष्ट बरेच ड्रायव्हर विचारतच नाहीत. मालक पार्टीकडून हॉल्टिंग घेतो का? घेत असेल तर ते गाडी थांबली म्हणूनच घेतो, आणि गाडीत थांबलेलं माणूस कोण होतं. काही मालक त्यातला वाटा देतात, मागितला तर. कामाला लागतानाच बोलून घ्यावं, नंतर वाद होतो. गेटमध्ये शिरल्याची वेळ आणि बाहेर पडल्याची वेळ दोन्ही स्लिपांवर छापलेली असते, त्यांना म्हणावं रोज मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, महिन्याचा हिशोब करताना तो मालकापुढं ठेवता येतो.

आणि अजून एक, हे पैशाचं नाही. क्रेनखाली गाडी लावायच्या आधी ट्रेलरचे चारी ट्विस्टलॉक, म्हणजे डबा ट्रेलरला धरून ठेवणारे लॉक, उघडलेत का ते उतरून हाताने बघायला सांगा त्यांना, कितीही घाई असली तरी. एखादा लॉक अडकून राहिला तर डब्याबरोबर अख्खा ट्रेलर वर उचलला जातो आणि ड्रायव्हर केबिनमध्येच असतो. रात्रभर रांगेत जागलेल्या माणसाच्या हातून नेमकं हेच राहून जातं.